ठगूबाईचं वावर

सुरतेत गोडादऱ्याच्या चार रस्त्यावर शेअर रिक्षावाले ओरडतात, "वावर, वावर, वावर! एक सवारी!" रिक्षा भरली की निघते आणि सगळ्यात शेवटी आमच्या इथे थांबते. महापालिकेच्या निळ्या पाटीवर या जागेचं नाव दुसरंच आहे, कुठल्याशा रेसिडेन्सीचं. पण रिक्षावाल्यांनी ती पाटी कधी वाचलेली नाही, आणि वाचली असती तरी ते ऐकणाऱ्यातले नाहीत. नवीन राहायला आलेली गुजराती माणसं मात्र हे नाव ऐकून दचकतात. आपल्याकडे खानदेशात, वऱ्हाडात वावर म्हणजे शेत. गुजरातीत वावर म्हणजे रोगाची साथ. तापाचा वावर, जुलाबउलटीचा वावर असं इथल्या पेपरात येतं.

परवा रिक्षात माझ्या शेजारी एक नवी सून बसली होती. तिने हळूच विचारलं, "बेन, अहीं पहेलां कोई रोगचाळो थयेलो?" इथे पूर्वी काही साथ आली होती का?

मी म्हटलं, "नाही गं, इथे पूर्वी वांगी यायची."

तिला वाटलं मी थट्टा करतेय. ती तोंड फिरवून बसली ते उतरेपर्यंत. तिचा राग मला आला नाही, आला तो स्वतःचाच. कारण मी तिला अर्धंच उत्तर दिलं होतं. इथे दोन्ही होतं, वांगीही आणि साथही. आणि दोन्हींच्या मधोमध ठगूबाई होती.

ठगूबाई हे तिचं खरं नाव, टोपणनाव नव्हे. मूळची अमळनेरकडची. तिच्या आधीची दोन भावंडं पाळण्यातच गेली, म्हणून आईबापांनी हिचं नाव ठगू ठेवलं, यमाला चकवायला. असल्या नावाचं पोर न्यायला कोण येणार? आणि योगायोग बघा, नवरा मिळाला तोही दगा नावाचा. त्याच्याही आईने तीच युक्ती केली असणार. मी एकदा तिला चिडवलं, "नवरा दगा, बायको ठगू. तुमच्यावर विश्वास ठेवायचा तरी कोणी?"

ती म्हणाली, "यमराज सोडीसन बठ्ठा ठेवतस." एक यम सोडला तर सगळेच ठेवतात. हे बोलणं खालच्या रस्त्यावर चाललं होतं आणि तिसऱ्या मजल्यावर माझ्या नवऱ्याने ऐकलं. कारण ठगूबाईला हळू बोलणं ठाऊकच नव्हतं. दगाभाऊंचा जन्म बमरोलीच्या लूमवर गेला. त्या खटखटाटात त्यांचे कान कामातून गेले, आणि त्यांच्याशी बोलून बोलून हिचा आवाज वर चढला तो कायमचाच. साधं "पाणी दे" म्हटलं तरी वाटायचं कुठे आग लागली आहे.

माझं आणि तिचं नातं गॅलरीचं. आम्ही मूळचे बुलडाण्याचे. माझे यजमान पलसाण्याच्या एका प्रोसेस हाऊसमध्ये कपडा रंगवायच्या खात्यात, आणि मी मराठी शाळेत मास्तरीण. आम्ही इथे फ्लॅट घेतला तेव्हा गॅलरीतून समोर दोन बिघ्यांचं हिरवं शेत दिसायचं आणि त्याच्या पलीकडे खाडी. बिल्डरच्या माणसाने सांगितलं होतं की समोरचा व्ह्यू कायमचा मोकळा राहील. बिल्डरच्या तोंडचं कायमचं किती टिकतं ते मला ठाऊक होतं. तरी फ्लॅट घेतला, कारण समोर एक बाई सोळा आण्याच्या खानदेशी आवाजात कोणालातरी शिव्या देत होती आणि मला ते ऐकून घरी आल्यासारखं वाटलं. जवळ जाऊन बघितलं तर ती बगळ्यांना शिव्या देत होती.

शेत तिचं नव्हतं. ते छीबुकाकांचं. छीबुकाका इथले मूळचे सुरती शेतकरी, वयाने आमच्या वडिलांएवढे. आसपासची सगळी जमीन त्यांच्या भावंडांची होती, ती एकेक करून गेली. आमची बिल्डिंगही त्यांच्या धाकट्या भावाच्या उसाच्या शेतात उभी होती. हे ते अजिबात न चिडता सांगायचे, उलट विचारायचे, "तमारा रसोडामां मीठाश आवे छे के नी?" तुमच्या स्वयंपाकघरात गोडी येते की नाही? हा शेवटचा तुकडा त्यांनी ठेवला होता. तो गेला की सरकारदरबारी आपण खेडूत, म्हणजे शेतकरी, उरलो नाही, याचं त्यांना फार वाटायचं. गुडघे गेल्यामुळे त्यांनी तो ठगूबाईला अर्ध्या भागाने कसायला दिला होता. त्याच दिवशी तिला सांगून टाकलं होतं, "ज्यां हुधी पाक उभो छे, त्यां हुधी जमीन नी वेचाय." जोवर शेतात पीक उभं आहे तोवर मी जमीन विकणार नाही. जेवत्या माणसाला पानावरून उठवत नाहीत, तसा हा त्यांचा नेम होता.

छीबुकाकांनी हे सहज म्हटलं असेल. ठगूबाईने ते पदराला गाठ मारून ठेवलं. तेव्हापासून त्या शेतात पीक नाही असा एक दिवस गेला नाही. इकडे मेथी उपटली की त्याच ओल्या मातीत तिकडून कोथिंबीर पडायची. वांग्यांची झाडं म्हातारी व्हायच्या आत त्यांच्या पायाशी पापडीचे वेल चढलेले असायचे. उन्हाळ्यात सगळीकडची जमीन उघडी पडते, नांगरून तापू देतात. आपल्या गावाकडे तर तेच शहाणपण. हिच्या वावरात मात्र भर वैशाखात गवार उभी. शेवटचा वाफा ती कधीच कापत नसे. गिऱ्हाईक दारात उभं असलं तरी म्हणायची, "तो नको मांगू. तो वावरना शे." तो वाफा वावराचा स्वतःचा.

जमिनीला हे मानवत नव्हतं, हे तिलाही दिसत होतं. भरताची वांगी पहिल्या वर्षी लहान मुलाच्या डोक्याएवढी यायची, ती हळूहळू मुठीएवढी झाली. पापडीवर मावा पडायला लागला. स्वतः छीबुकाकांनी बांधावरच्या खुर्चीतून तिला सांगितलं, एक उन्हाळा विसावा दे जमिनीला. तिने मान हलवली आणि दुसऱ्या दिवशी चवळी टोचली. मी विचारलं तर म्हणाली, "माले का कळत नही? पन हाई निजनं की इकायनं." हे झोपलं की विकलं गेलं. मग मातीकडे बघून तिने जीभ चावली, जणू वावराने ऐकलं असेल.

तिच्या सवयी सांगायच्या तर पहिली चपलांची. ती चपला बांधावर काढून मगच वावरात उतरायची. खाडीकाठच्या त्या मातीत काचा असत, सुया असत, साडीवर लावायच्या टिकल्यांची खच्चून रास पडलेली असे, तरी अनवाणीच. बांधावर चपला दिसल्या की बाई आत आहे, असं आम्ही गॅलरीतून ओळखायचो. छीबुकाकांनाही तिने चपला काढायला लावल्या होत्या, मालक असून. दुसरी सवय म्हणजे वांगं विकण्याआधी उलटतपासणी. "काय करशी याचं?" असं ती प्रत्येकीला विचारायची. भरीत म्हटलं की वर एक मूठ हिरवी मिरची फुकट. आमच्या पहिल्या मजल्यावरच्या बेनने एकदा भोळेपणाने सांगितलं की मी त्यात थोडा गूळ घालते. ठगूबाईने तिच्या पिशवीतून वांगी काढून घेतली. पुढे दोन वर्षं ती बेन माझ्या नावावर वांगी मागवायची.

आणि आता त्या शब्दाची गोष्ट.

शेताच्या कडेने रस्ता आखायचा म्हणून महापालिकेची दोन तरुण पोरं तिपाई आणि दुर्बीण घेऊन आली. सरळ पापडीच्या वेलांत घुसली, बूट घालून. ठगूबाई खाडीच्या बाजूने धावत आली. ऐन रागात तिला गुजराती सुचेना. ती दोन्ही हात पसरून ओरडली, "थांबा! आठे वावर शे! हाई वावर शे!"

पोरं जागच्या जागी थांबली. एकाने विचारलं, "वावर? शेनो वावर?" कशाची साथ?

"वावर एटले वावर!" ठगूबाई म्हणाली. "आखुं वावर छे! पग ना मूकता!" सगळं वावरच आहे, पाय ठेवू नका.

मी हे वरून बघत होते. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं, रुमाल काढून नाकाला लावले आणि तिपाई उचलून जवळजवळ पळतच गेले. मला काहीच उमगलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी महापालिकेच्या आरोग्य खात्याची गाडी आली. पांढरी पावडर टाकणारे आले, धूर सोडणारं मशीन आलं, आणि एक डॉक्टर मुलगी गोळ्यांचा डबा घेऊन वाफ्यावाफ्याने विचारत फिरायला लागली की ताप कोणाला आहे. सुरतच्या माणसाला साथीचं भय रक्तातच आहे. प्लेगच्या वेळी अर्धं गाव रिकामं झालेलं जुनी माणसं अजून विसरलेली नाहीत. शेवटी मला खाली बोलावलं. मी डॉक्टरला समजावलं की ताई, ही तिच्या भाषेत शेताला वावर म्हणते. डॉक्टर आधी चिडली, मग हसत सुटली. छीबुकाका खुर्चीत इतके हसले की त्यांची कवळी मांडीवर पडली. ठगूबाई एकटीच हसली नाही. धुराने मेथी काळी पडेल म्हणून ती मशीनवाल्याशी भांडत होती. त्या दिवसापासून रिक्षावाल्यांनी आमच्या थांब्याचं नाव वावर ठेवलं.

पण ठगूबाईच्या डोक्यात ती गोष्ट मुरत गेली. जमीन बघायला पांढऱ्या गाड्या तेव्हाही यायच्या. दलाल एखाद्या पार्टीला घेऊन बांधावर यायचा, हात लांब करून इथे गेट, इथे पार्किंग असं दाखवायचा. एके दिवशी मी पाहिलं, अशीच गाडी आली आणि ठगूबाई पदर नाकातोंडावर घेऊन सामोरी गेली. दोनदा खोकली. आणि अगदी काळजीच्या सुरात, म्हणजे आम्हाला सगळ्यांना ऐकू जाईल इतक्याच हळू, म्हणाली, "शेठ, आगळ ना जता. अहीं वावर छे." पुढे जाऊ नका, इथे वावर आहे.

शेठ गाडीतून उतरलेच नाहीत.

मी नंतर तिला गाठलं. म्हटलं, "बाई, हे खोटं बोलणं शोभतं का?"

"काय खोटं?" तिने कमरेवर हात ठेवला. "हाई वावर नही का? तूच सांग, मास्तरीनबाई. तू त्या डाक्टरनीले सांगं ना, आठे वावर शे म्हनीसन."

डॉक्टरला तसं सांगितलं होतं ते मीच. मी हसले. सगळेच हसत होते. आमच्या बिल्डिंगमध्ये तर तो खेळच झाला. पांढरी गाडी वळली की कोणीतरी गॅलरीतून ओरडायचं, "ठगूबाई, पार्टी!" आणि ती कुठेही असली तरी पदर सावरत यायची. काही जण कीव येऊन तिला औषधाची दुकानं सांगून जायचे. एक दलाल वैतागून छीबुकाकांकडे तक्रार घेऊन गेला. काका त्याला गंभीरपणे म्हणाले, बाई बरोबर सांगते, चाळीस वर्षांपासून आहे. असा दोनतीन वर्षं तो तुकडा टिकला. एका शब्दावर टिकला असं मी शाळेत सगळ्यांना सांगायचे आणि मला त्याचा अभिमान वाटायचा.

मग कोरोना आला.

पहिल्यांदा आला तेव्हा आमच्याकडे काही झालं नाही. लूम बंद पडले, खोल्या ओस पडल्या, माणसं मिळेल त्या वाटेने गावी गेली. ठगूबाई गेली नाही. शेतात पीक होतं. बाजार बंद, भाजीच्या गाड्या बंद, आणि आमच्या तिन्ही मजल्यांवरून दोऱ्यांना बांधलेल्या पिशव्या खाली सुटायच्या. ती खाली उभी राहून त्यात मेथी, गवार, वांगी भरायची आणि वर बघून ओरडायची, "खेच!" त्या दिवसांत तिची उलटतपासणी बंद होती. गूळ घालणाऱ्या बेनलाही तिने वांगी दिली, फक्त तोंड वाकडं करून.

दुसऱ्यांदा आला तो मात्र आमच्या गल्लीत शिरला. आधी दगाभाऊ गेले. दवाखान्यात नेलं ते परत आणलंच नाही. त्याच आठवड्यात छीबुकाका गेले. महापालिकेच्या माणसांनी गल्लीच्या तोंडाशी बांबू आडवे बांधले आणि पत्र्यावर लाल रंगाने पाटी लिहिली. या भागाला काय म्हणतात असं त्यांनी कोपऱ्यावरच्या रिक्षावाल्याला विचारलं असणार. त्याने जे सांगितलं ते त्यांनी लिहिलं.

ठगूबाईला गुजराती वाचता येत नव्हतं. मी तोंड बांधून बांबूच्या अलीकडे दूध घ्यायला उभी होते. ती पलीकडून, शेताच्या बाजूने आली. दगाभाऊंना जाऊन चारपाच दिवस झाले असतील. पाटीकडे बोट करून तिने विचारलं, "काय लिखेल शे?"

मला खोटं बोलता आलं असतं. पण मास्तरणीची सवय, समोर अक्षरं दिसली की वाचायची. मी वाचलं, "वावर."

"मनं वावर?"

माझं वावर का, असं ती विचारत होती. ती त्या लाल अक्षरांकडे बघत राहिली. मग म्हणाली, "नही. त्यासनं वावर." माझं नव्हे, त्यांचं.

त्यानंतर तिला एकच धरून बसलं. मी दुपारी गॅलरीतून हाक मारली की ती मान वर करायची आणि तेच सुरू करायची. "मीच सांगे ना सगळास्ले. आठे वावर छे, आठे वावर छे. ऐकं त्यानी. मनी मायनी त्याले ठगाडं, आनि मी त्याले बलाई लिधं." तिच्या आईने ज्या यमाला चकवलं त्याला तिने स्वतः हाका मारून बोलावलं, असं तिचं म्हणणं. मी खूप समजावलं. म्हटलं, साऱ्या जगात आला तो काय तुझ्या सांगण्यावरून? जगात कोणाला तुझी अहिराणी कळते? तिने सगळं ऐकून घेतलं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. मला तेव्हा राग यायचा, रडूही यायचं. रात्री डोळे मिटले की मलाही तो पदराआडचा खोकला ऐकू यायला लागला. ज्या खोकल्याला आम्ही सगळे हसलो होतो तोच.

सगळं निवळल्यावर छीबुकाकांचा मुलगा हेमंतभाई आला. तो नदीपलीकडे अडाजणला राहायचा, माणूस सभ्य. चपला बांधावर काढल्या, वाकून मातीला हात लावला. ठगूबाईने मला मध्ये बोलायला बोलावून घेतलं होतं. हेमंतभाई म्हणाला, "पप्पाए कीधेलुं ए हूं पाळीश. पाक उभो छे त्यां सुधी कोई वात नहीं." वडिलांचा शब्द मी पाळीन.

मला वाटलं, सुटलो. आता ही चवळी टोचत राहील आणि वावर राहील. मी ठगूबाईकडे बघितलं. ती त्याला तिच्या मोडक्या गुजरातीत म्हणाली, "भाई, एक उनाळो एने सुवा दो." एक उन्हाळा याला झोपू द्या.

त्याने मान डोलावली. "जेम तमने ठीक लागे, बा." तुम्हाला योग्य वाटेल तसं.

तो गेल्यावर मी तिच्यावर ओरडलेच. "तूच म्हणत होतीस ना, निजलं की विकलं? आता काय झालं?"

ती वाफ्याच्या कडेला बसली होती. "वावरले मी इतला वरीस निजू दिधं नही," ती म्हणाली. "मंग त्यानी माणसं निजाडी दिधी." तिने त्याला झोपू दिलं नाही, म्हणून त्याने माणसं झोपवली. तिला वाटत होतं की ती देणं फेडते आहे. एक उन्हाळा, मग पहिल्या पावसाला पुन्हा पेरायचं, आणि तोवर हेमंतभाईला समजेलच की हे झोपलेलं आहे, रिकामं नाही. शेतकऱ्याच्या मुलाला हे काय सांगावं लागतं?

तिने शेवटचा वाफा स्वतःच्या हाताने उपटला, तो वावराचा वाफा. मेथीच्या जुड्या आमच्या दारोदार ठेवल्या, कोणाकडून काही घेतलं नाही. छोटा ट्रॅक्टर बोलावून जमीन उलथून घेतली, ढेकळं मोठी मोठी, उन्हाने भाजायला. मग बोअरचा पाइप गुंडाळून ती खोलीवर गेली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा गॅलरीतून तपकिरी जमीन दिसली. मी बुलडाण्याची, मला ती काळजी घेऊन ठेवलेली जमीन दिसायला हवी होती. पण शहरात राहून माझे डोळेही शहरी झालेत. मला मोकळा प्लॉट दिसला.

पांढऱ्या गाड्यांनाही तोच दिसला. त्या आल्या तेव्हा बांधावर खोकायला कोणी नव्हतं. ठगूबाई येईना, आणि आमच्यातून "पार्टी!" म्हणून ओरडायला कोणाचं तोंड उघडेना. उन्हाळा संपायच्या आधी जमिनीवर चुन्याच्या रेघा पडल्या. हेमंतभाई आमच्या घरी आला होता, पेढे घेऊन. बहिणीचा वाटा द्यायचा होता, मुलाला बाहेर पाठवायचं होतं, सगळं खरंच असेल. मी फक्त विचारलं, "आणि काकांचा शब्द?"

तो खरोखर गोंधळला. "पण बेन, पाक तो हतो ज नहीं."

पीक तर नव्हतंच. यात एक शब्द खोटा नव्हता, आणि तो लबाडीने बोलत नव्हता, याचाच मला जास्त त्रास झाला. पेढे मी कामवालीला दिले.

जेसीबी आला त्या दिवशी मी शाळेला दांडी मारली. मला वाटलं ठगूबाई येईल, आडवी पडेल, सगळं गोडादरं गोळा करेल. ती आली, पण बांधावरच उभी राहिली. बियाणासाठी पिवळं होईपर्यंत झाडावर ठेवून मग वाळवलेलं एक भरताचं वांगं तिने माझ्या हातात दिलं आणि गेली. मी त्याचं बी कुंडीत लावलं. झाडं आली, पानंही चांगली मोठी आली, फळ धरलं नाही. जमीन जाणार हे तिला आधीच ठाऊक होतं का, निजलं की विकलं म्हणणाऱ्या बाईने जाणूनबुजून हात सोडला का, हे मला तिला कधी विचारता आलं नाही. अजून डाळ शिजत असताना, वर्गात पाढे म्हणवून घेताना ते मध्येच डोक्यात येतं.

तिला शेवटची पाहिली ती गेल्या वर्षी. समोरची बिल्डिंग पुरी झाली होती, खाली पार्किंग, त्यावर लालकाळे ब्लॉक बसवलेले. दुपारची शाळा सुटून मी येत होते. भर ऊन. माझ्या पुढची रिक्षा "वावर, वावर" करत थांबली आणि तीतून ठगूबाई उतरली. वाळून काटकी झाली होती. तिने मला पाहिलं नाही. गेटपाशी, जिथे पूर्वी बांध होता बरोबर तिथेच, तिने चपला काढल्या आणि आत गेली.

ते ब्लॉक इतके तापले होते की माझ्या चपलेतूनही चटके बसत होते. ती अनवाणी चालत होती. सरळ टोकापर्यंत गेली, वळली, शेजारून परत आली, पुन्हा वळली. गाड्यांच्या मधून ती वाफ्यांच्या सरींतून चालल्यासारखी चालत होती. खाडीकडच्या कोपऱ्यात, जिथे वावराचा वाफा असायचा, तिथे एका स्कूटरजवळ ती थांबली.

वॉचमन नवा होता, उत्तर प्रदेशचा. तो खुर्चीतून उठून ओरडला, "ए अम्मा! किधर? किससे मिलना है?"

ठगूबाईने वळून त्याच्याकडे पाहिलं आणि ओठांवर बोट ठेवलं. मग जे बोलली ते मला जेमतेम ऐकू आलं. तिचा तो आवाज मी त्या दिवसाआधी कधीच ऐकला नव्हता, तिच्या गळ्यात असा आवाज आहे हेच मला माहीत नव्हतं.

"हळू बोल, भाऊ," ती म्हणाली. "निजेल शे."

ती गेटपर्यंत आली, चपला पायात घातल्या आणि उभ्या असलेल्या रिक्षात जाऊन बसली. पुढे कळलं की ती अमळनेरकडे पुतण्यांकडे राहायला गेली. वॉचमन माझ्याकडे आला. "मॅडम, क्या बोल के गई?"

"बोलीं, सोया हुआ है।"

"कौन सोया है?"

मी त्याला अगदी हळू आवाजात सांगितलं, "वावर."